टाळूचं झाकण आणि बेंगळुरूचा फोन

बायोप्सीचा रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, महादेवीकडं नाही. आजारी ती, तपासलं तिला, तुकडा काढला तिच्या तोंडातला, आणि बघायचं मात्र माझ्याकडं. तिथंच मला समजलं.

"काका, टाळूचा कॅन्सर आहे," ते म्हणाले. "गळ्यात वगैरे उतरलेला नाही, पण हाडापर्यंत गेलाय. वरच्या जबड्याचा उजवा भाग आणि टाळूचा तेवढा तुकडा काढावा लागेल."

मी मान हलवली. काय समजून हलवली ते देवाला ठाऊक. महादेवीनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि सरळ विचारलं, "मंग मला बोलाय येईल का, डॉक्टरसाहेब?"

जगेन का, असं तिनं विचारलं नाही. डॉक्टरांनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. म्हणाले, "येईल मावशी. पण त्यासाठी तोंडात एक वस्तू कायम घालावी लागेल."

त्या खुर्चीत उद्या तुमच्यापैकी कुणी बसलं, तर त्याला पुढचं थोडं तरी माहीत असावं म्हणून हे लिहितोय. आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

मी जळकोटचा. हायवेला लागून माझी पिठाची गिरणी आहे. गिरणी चालू असली की शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, पण महादेवीचा आवाज त्या घरघरीच्या वर निघायचा. "आक्का, ज्वारी झाली तुमची, डबा न्या" असं ती आतून म्हणाली की बाहेर लिंबाखाली बसलेली बाई उठून यायची. मी मुळात कमी बोलणारा. आमच्या घरात बोलायचं खातं तिच्याकडं होतं आणि ऐकायचं माझ्याकडं.

ती लहानपणापासून मिसरी लावायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आमच्या भागात निम्म्या बायकांच्या कनवटीला असते. टाळूला फोड आला तेव्हा तोंड आलंय म्हणून तिनं जाईचा पाला चघळला, तूप लावलं. उन्हाळा गेला, फोड गेला नाही. मग वरची दाढ हलायला लागली. दाढ काढायला म्हणून सोलापूरला गेलो आणि दाढेच्या डॉक्टरनं दाढेला हातच लावला नाही. आम्हाला पुढं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिनं बोलण्याचंच का विचारलं, ते सांगतो. तिची आई म्हणजे माझी सख्खी मामी. मी मामाचीच मुलगी केलेली. माहेर कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. मामा घशाच्या कॅन्सरनं गेला. त्याचं सगळं मामीनं केलं, शेवटी चमच्यानं पाणी पाजेपर्यंत. नंतर मेहुणा बसवराज तिला बेंगळुरूला घेऊन गेला. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले, पडल्यामुळं खुब्याचं हाड मोडलेलं. दिवेलागणीला महादेवीचा फोन आला की ती बाई जेवायची. मायलेकी कानडीत बोलायच्या, इथं मी ते मराठीत लिहितोय. भाजी काय केली, कुणाची म्हैस व्याली, असल्या गोष्टी. पण तेवढ्यावर त्या म्हातारीचा दिवस निघायचा.

"आईला ह्यातलं कळू द्यायचं न्हाय," महादेवीनं हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरतानाच मला बजावलं. "आप्पाचं बघितलंय तिनं. माझं कळलं तर ती अन्नपाणी सोडंल."

ऑपरेशनला मॅक्झिलेक्टमी म्हणतात, म्हणजे वरच्या जबड्याचं हाड काढणं. त्याआधी आमची गाठ दुसऱ्या डॉक्टरबाईंशी पडली. प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तोंडातले नकली भाग बनवणाऱ्या. वयानं आम्हाला मुलगी शोभेल एवढ्या. त्यांनी महादेवीच्या तोंडात कणकेसारखा मऊ लगदा दाबून टाळूचा साचा घेतला. माझ्या हातात तो साचा देऊन म्हणाल्या, "काका, टाळू म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामधलं छत. छताला भोक पडलं की खाल्लेलं नाकात जातं आणि बोलताना हवाही नाकातून निघते. त्या भोकावर बसवायच्या झाकणाला ऑब्च्युरेटर म्हणतात. कवळीसारखंच असतं, फक्त वर एक फुगीर भाग असतो. तो भोकात बसतो."

महादेवीनं नाव लगेच ठरवलं. झाकण. तेव्हापासून आमच्या घरात तोच शब्द चालतो.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. तिथं सगळे माझ्यासारखेच, हातात पिशवी आणि पिशवीत काय आहे ते माहीत नसलेले. गावाकडून भेटायला आलेले लोक केळी आणि शहाळी घेऊन आले. जिच्या नाकात नळी घातलीय तिला केळी! मी ती सगळी बाकावरच्या लोकांना वाटून टाकली. एकानं मला समजावलं की मिसरीनं काही होत नाही, त्याची आजी शंभरीपर्यंत लावत होती. मी उठून नळावर गेलो आणि तोंड धुवून आलो.

काही दिवसांनी टाळूच्या भोकात भरलेला बोळा काढला आणि डॉक्टरांनी तिला घोटभर पाणी प्यायला सांगितलं. पाणी नाकातून बाहेर आलं, उशीवर. ती माझ्याकडं बघत होती. मला तिच्याकडं बघवलं नाही. मग ती काहीतरी बोलली. आवाज होता, शब्द नव्हते. सगळं नाकातून घुमत होतं. इतकी वर्षं संसार केला, आणि बायको काय म्हणते ते मला कळेना. मी आपला "व्हय, व्हय" म्हणत राहिलो. तिला कळलं की मला कळत नाहीये. तिनं भिंतीकडं तोंड केलं. त्या वेळची माझी लाचारी मी कुठं मांडू? गिरणीचा दगड अडला तर मी खोलून छिन्नीनं टाकी मारू शकतो. इथं माझे दोन्ही हात मांडीवर.

डॉक्टरबाई आल्या, झाकण बसवलं आणि म्हणाल्या, "आता बोला."

"पाणी," महादेवी म्हणाली.

फार साफ नव्हतं, पण पाणीच होतं. मी खाली बसून रडलो. वॉर्डातली आया मला ओरडली, "काका, उठा, फरशी पुसायचीय." उठलो.

घरी आल्यावर पहिली घाई फोनची. एवढे दिवस बसवराजनं आईला थापा मारल्या होत्या, की आक्का काशीला गेलीय, तिथं फोन लागत नाही. महादेवीनं झाकण नीट दाबून घेतलं, घसा साफ केला आणि फोन लावला. ऑपरेशननंतर तिचा एक कान बंद झालाय, म्हणून फोन स्पीकरवर ठेवावा लागतो. त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं.

"अव्वा," ती म्हणाली.

पलीकडून मामीनं विचारलं, "यार री?" कोण बोलतंय, असं. परक्या बाईला विचारावं तसं, अदबीनं.

"मी. महादेवी."

"न्हाय," मामी म्हणाली. "माझी लेक अशी बोलत न्हाय. बसू, ही कोण बाई हाय रे?"

बसवराज मागून सांगत होता, आक्काच आहे, सर्दी झालीय तिला. मामी ऐकेना. आंधळ्या माणसाला तुम्ही आवाजात फसवू शकत नाही. आणि इथं तर कुणी फसवतही नव्हतं. महादेवीनं फोन बंद केला, चुलीकडं गेली आणि भाकरी थापायला लागली. मी काय करणार? पाण्याचा तांब्या भरून तिच्याशेजारी ठेवला.

डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे झाकण तात्पुरतं आहे, मावशी. आता रेडिएशन होईल. जखम भरेल तसा भोकाचा आकार बदलत जाईल. दर थोड्या दिवसांनी मी आतून नवा मऊ थर देत जाईन. आवाज सुधारेल. फक्त एक करा, धुवायला काढाल तेवढंच काढा. बाकी ते तोंडातच राहू द्या."

रेडिएशन म्हणजे किरणांनी उरलासुरला रोग जाळणं. रोग जळतो, सोबत तोंडही जळतं. थुंकी सुकते. पाण्याशिवाय घास उतरत नाही. जबडा आखडतो, त्याला ट्रिस्मस म्हणतात. तोंड उघडं राहावं म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादी वाढवायची. महादेवी काड्या धरून ओसरीवर बसायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण काड्या काढायची नाही.

दुसरा सराव आरशाचा. नाकाखाली छोटा आरसा धरायचा आणि 'पापड', 'भाकर', 'बाबा' म्हणायचं. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून गेली. वाफ नाही धरली तर शब्द तोंडातून निघाला. रोज सकाळी आमच्या घरात हे चालायचं. मी आरसा धरायचा, तिनं भाकर म्हणायचं. कधी इतकी धुरकट वाफ यायची की ती आरसाच बाजूला ढकलायची. कधी काच कोरडी राहायची आणि मग ती दिवसभर गाणं म्हटल्यासारखी भाकर-भाकर करत फिरायची. गिऱ्हाइकं विचारायची, "वहिनीला लई भूक लागली का काय?" ती हसायची. झाकण सांभाळून, पण हसायची.

फोन ती रोज लावायचीच. भाद्रपद संपत आला तेव्हा एकदा फोनवर मामी गप्प राहून ऐकत होती. मग म्हणाली, "बसू, ही बाई थोडी थोडी आपल्या महादेवीसारखी बोलतीय रे." महादेवीनं फोन छातीशी धरला. मला म्हणाली, "दसऱ्यापतूर वळखंल बघा ती मला." त्या दिवशी मला खरंच वाटलं, की संपत आलं हे.

आणि नवरात्र आलं.

आमच्याकडं तुळजापूरची आई घरोघर. घट बसतो, नऊ दिवस अखंड दिवा, रोज नवी माळ, आणि हे सगळं घरची बाई उपाशी, निरंकार करते. घटाजवळ उष्टं जायचं नाही. महादेवीच्या डोक्यात आलं, की झाकण तर चोवीस तास उष्ट्या तोंडात. त्याला अन्नाचे कण चिकटणार. असली वस्तू तोंडात ठेवून आईपुढं कसं बसायचं? तिनं पहाटे ते काढलं, धुतलं आणि पाण्याच्या वाटीत घालून वर फळीवर ठेवलं. बोलायचंही नव्हतं. ह्या नऊ दिवसांत तिनं मौन धरलं होतं. संध्याकाळी उपवासाचं थोडं दूध पिण्यापुरतं घालायचं, असा तिचा बेत. पहिल्या दिवशी घातलं. दुसऱ्या दिवशी जोर लावावा लागला. तिसऱ्या दिवशी ते बसलंच नाही. तिनं मला सांगितलं नाही. मौन होतं ना. दूध पिताना नाकाला पदर लावायची आणि मला वाटायचं, सर्दी आहे.

नवमीला घट उठला. तिनं झाकण हातात घेऊन माझ्यापुढं धरलं आणि मान हलवली. मी तेल लावून बघितलं. कोमट पाण्यातून काढून बघितलं. अर्धं जायचं आणि हाडाला अडायचं, मग रक्त. मला राग आला, इतका, की मी गिरणीत जाऊन कुणाचं दळण नसताना गिरणी चालू करून उभा राहिलो. रागवायचं कुणावर? तिच्यावर? देवीवर? नऊ दिवस उपाशी राहून तिनं मागितलं काय असेल, ते मला न विचारता माहीत होतं.

सोलापूरला डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून बघितलं. रागावल्या नाहीत, ते आणखी लागलं. म्हणाल्या, "रेडिएशननंतर मांस आक्रसतं, काका. झाकण आत असलं की ते त्याच्याभोवती धरून राहतं. काढलं की दोन दिवसांतच आवळतं. आता हे बसणार नाही. तोंडही कमी उघडतंय, त्यामुळं नवा साचा लगेच घेता येणार नाही." मग वही उघडता उघडता थांबून महादेवीला म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं काढू नका, पण नवरात्रातही काढू नका, असं माझ्या मनातच आलं नाही. आमच्याही घरी घट बसतो." हल्ली त्या प्रत्येक पेशंटला विचारतात म्हणे, सणवार, उपासतापास काय काय करता.

मधले महिने मी फार सांगत नाही. पुन्हा काड्या. पुन्हा नाकाला पदर. भाकर कुस्करून दुधात, तीही थेंबाथेंबानं. बोलणं बंदच. तिला काही हवं असलं की ती ताटावर चमचा वाजवायची, आणि मी गिरणीत असलो तर तेही ऐकू यायचं नाही. बेंगळुरूचा फोन मी करायचो, माझ्या मोडक्या कानडीत. मामी विचारायची, "लेक कुठंय माझी?" मी सांगायचो, कामात हाय. मामी म्हणायची, "इतके म्हयने कामात? जावई, तुमी खरं सांगत न्हाय." एकदा मला राहवलं नाही. मी महादेवीला म्हणालो, सांगून टाकू, नाहीतर तुला घेऊन बेंगळुरूलाच जाऊ. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपून दाखवला, मामी आंधळ्या हातांनी चाचपते तसा. उजव्या गालावर तिचा हात आला आणि तिथल्या खड्ड्यात थांबला. मला समजलं. तो गाल हाताला लागला की मामीला वेगळं काही सांगावं लागणार नाही. परत मी तो विषय काढला नाही.

नवं झाकण संक्रांतीनंतर मिळालं. लहान, वरचा फुगा आतून पोकळ, म्हणजे वजनाला हलकं. पाणी नाकात जात नाही, भाकर खाता येते. शब्द कळतात. पण आवाज पहिल्या झाकणासारखा नाही आला. जाड, थोडा घुमणारा, कुणा दुसऱ्याच बाईचा. डॉक्टरबाई आरसा धरून पुन्हा पुन्हा बोलायला लावत होत्या. शेवटी आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "मावशी, आता इतकंच. याच्यापुढं मी नाही नेऊ शकत."

"लई केलं तुमी," महादेवी म्हणाली. आणि ते त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. झाकण काढू नका. देवापुढं बसतानाही नाही. त्याला उष्टं म्हणू नका. जीभ उष्टी असते का? दात उष्टे असतात का? तसंच ते. आणि रोग गेला म्हणजे सगळं परत मिळतं, असं समजू नका. जेवढं मिळालं तेवढ्याला आम्ही हात जोडतो. बायको माझ्यासमोर बसून भाकरी खाते आणि मीठ कमी पडलं म्हणून मला बोल लावते, हे काही थोडं नाही.

फोन मात्र ती रोज लावते. मामीनं तिला अजून ओळखलेलं नाही आणि आता आम्ही कुणी पटवूनही देत नाही. मामीच्या हिशोबानं ती जावयाच्या गावची कुणी भली बाई आहे, आंधळ्या म्हातारीशी बोलायला वेळ काढणारी. मामी तिला सगळं सांगते. सुनेचं सांगते, गुडघ्याचं सांगते आणि आपल्या लेकीची गाऱ्हाणी सांगते. "माझी महादेवी हाय ना, तुमच्याच गावात. लई गोड गळ्याची. पण विसरली मला." महादेवी ऐकून घेते. हुंकार देते. मी बाजूला ज्वारी निवडत बसलेला असतो. माझे हात चालू असतात, डोळ्यांना काही दिसत नसतं.

परवा मामी एकदम म्हणाली, "बाई, तुझं नाक रोजच चोंदलेलं असतंय. ओव्याची पुरचुंडी करून हुंगत जा."

"हुंगते," महादेवी म्हणाली.

"तुझी आई हाय का गं?"

महादेवीनं जिभेनं झाकण वर दाबलं. "हाय."

"मंग तिला रोज फोन करत जा, बाई. माझ्या लेकीसारखी विसरू नगंस. लेकीचा आवाज आला की आमाला घास उतरतोय."

महादेवीनं पदरानं फोनची काच पुसली. मामीच म्हणाली, "ठेव आता. आधी आईला लाव."

काल दिवेलागणीला तिनं पुन्हा फोन लावला. मामीनं आवाज ऐकला आणि पहिलं विचारलं, "केला का गं आईला फोन?"

"केला," महादेवी म्हणाली.